चार रात्री, आई-बाबा आणि लहान मुलगी: भूमध्य समुद्राकाठचं गाव कसं निवडावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुटुंब म्युनिकला राहतं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून आई-बाबा येताहेत, दोघंही सत्तरीच्या जवळ, बाबांना गुडघेदुखी. मुलगी सहा वर्षांची, तिला अजून पोहता येत नाही. हातात चार रात्री आहेत, गाडी भाड्याने घ्यायची नाही, आई-बाबा शाकाहारी आहेत पण अंडं चालतं. मनात फ्रान्सचं नीस किंवा ग्रीसचं सँटोरिनी बेट आहे. कुठलं घ्यावं?

उत्तर आधी सांगायचं तर दोन्ही नकोत. नीसच्या पश्चिमेला, त्याच रेल्वेमार्गावर आंतीब आहे आणि त्याला लागूनच ज्युआं-ले-पां. मुक्काम तिथे करा. ते जमत नसेल तर सिसिलीतलं चेफालू. बार्सिलोनाजवळचं सिट्जेस तिसऱ्या क्रमांकावर, आणि तेही तारीख बघून.

आता कारणं. चार रात्री म्हणजे कॅलेंडरवर पाच तारखा दिसतात, पण समुद्राचे पूर्ण दिवस तीनच मिळतात. घरातून विमानतळ एक तास, तिथे दीड-दोन तास, उड्डाण, मग सामान, असा प्रवास कुठेही गेलात तरी होणारच. आपल्या हातात असतो तो शेवटचा टप्पा, म्हणजे विमान उतरल्यापासून खोलीत बॅग टेकेपर्यंतचा वेळ. छोट्या सहलीसाठी हा वेळ दीड तासाच्या आत असावा. दोन-अडीच तास झाले तर चालवून घेता येतं. त्यापुढे गेला तर गाव कितीही सुंदर असो, या सहलीसाठी नको. ग्रीसमध्ये अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून नॅक्सोस बेटाला साध्या जहाजाने पाच तासांच्या वर लागतात. नॅक्सोसचा आगिओस गिओर्गिओस किनारा लहान मुलांसाठी फार चांगला आहे, गावातून चालत जाता येतो, पाणी उथळ आहे. पण ते बेट आठ-दहा दिवसांच्या सुट्टीचं आहे, चार रात्रींचं नाही.

ही ग्रीक बेटं ज्या एजियन समुद्रात आहेत, त्याची दुसरी अडचण वाऱ्याची आहे. मेल्तेमी हा उत्तरेकडून येणारा कोरडा वारा जूनच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये जोरात असतो. आकाश निरभ्र, ऊन लख्ख, आणि दुपारनंतर वाळू अंगावर टोचते. सुटला की तीन-चार दिवस सलग वाहतो. वेगवान छोटी जहाजं अशा वेळी रद्द होतात. दहा दिवसांच्या मुक्कामात दोन दिवस असे गेले तर चालतं. तीन दिवसांतले दोन गेले तर सहल संपली.

सँटोरिनीची फोटोत दिसणारी पांढरी घरं ज्वालामुखीच्या कड्यावर आहेत, समुद्रापासून दोन-अडीचशे मीटर उंच. तिथून पाणी दिसतं, पण पाण्यात जाता येत नाही. पोहण्याचे किनारे, कामारी आणि पेरिसा, बेटाच्या दुसऱ्या बाजूला आहेत. बस जवळजवळ प्रत्येक वेळी फिरा गावात बदलावी लागते. किनाऱ्यावर काळी ज्वालामुखी वाळू आणि बारीक खडे आहेत, दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. गावातून जुन्या बंदरावर उतरायला पाचशेहून जास्त पायऱ्या आहेत. केबल कार आहे, पण क्रूझचं जहाज लागलं की तिला लांब रांग. बाबांच्या गुडघ्यांचा विचार केला तर या बेटावर त्यांचा बराचसा वेळ खोलीतच जाईल, आणि त्यांच्यासाठीच तर ही सहल आहे.

नीसचं शहर मात्र छान आहे, आणि विमानतळावरून ट्रामने मध्यवस्तीत अर्ध्या तासात पोचता येतं. अडचण किनाऱ्याची. नीसला वाळू नाही, गोटे आहेत; अंड्याएवढे ते मुठीएवढे, राखाडी, गुळगुळीत. त्यावर बसायला जाड चटई लागते आणि चालायला पाण्यातले बूट. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उतार. पाण्यात दोन-चार पावलं टाकली की तळ एकदम खाली जातो. लाट परतताना पायाखालचे गोटेही सोबत घेऊन जाते, त्यामुळे मोठ्या माणसाचाही तोल जातो. बाहेर येताना तोच उतार चढायचा, घसरत्या गोट्यांवरून. पोहणाऱ्या तरुण जोडप्याला हे चालतं. पोहता न येणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला आणि गुडघे दुखणाऱ्या आजोबांना नाही.

म्हणून कुठलंही गाव पक्कं करण्याआधी किनारा कशाचा आहे आणि तळ कसा उतरतो, हे दोन प्रश्न विचारा. सॅटेलाइट नकाशा मोठा करून बघा. काठाजवळ फिकट हिरवा पट्टा रुंद असेल तर पाणी उथळ. काठालाच गडद निळा रंग लागला असेल तर खोल. पाण्यात दगडांचे बांध घातलेले दिसले तर आतलं पाणी शांत असण्याची शक्यता जास्त. मग किनाऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघा आणि त्या महिन्यातला मुख्य वारा कुठून येतो ते. वारा जमिनीकडून येत असेल तर लाटा लहान असतात, पण हवेने फुगवायची ट्यूब आत वाहून जाते, म्हणून मुलीसाठी ट्यूब किंवा गादी अजिबात नको. अंगाला घट्ट बसणारं पोहण्याचं जॅकेट घ्या.

पाण्याच्या तापमानाकडे आपल्या लोकांचं हमखास दुर्लक्ष होतं. कोकणात मे महिन्यात समुद्र २९-३० अंशांच्या आसपास असतो. आई-बाबांच्या अंगाला त्याची सवय. जूनच्या शेवटी आंतीबला पाणी साधारण २२-२३ अंश, सिसिलीत थोडं जास्त. पहिली दोन मिनिटं गार लागेल, मग बरं वाटेल. स्पेनमधल्या मालागाच्या बाजूला मात्र जिब्राल्टरमधून अटलांटिकचं थंड पाणी आत येतं, त्यामुळे भर उन्हाळ्यातही २० अंशांच्या आसपास राहू शकतं. फ्रान्समधल्या मार्सेयला उत्तरेचा मिस्ट्राल वारा सुटला की वरचं गरम पाणी आत ढकललं जातं, खालचं थंड पाणी वर येतं आणि एक-दोन दिवसांत समुद्र १७-१८ अंशांवर घसरतो. हवा ३२ अंश आणि पाणी १८, म्हणजे मूल रडत बाहेर. भूमध्य समुद्र सर्वांत गरम ऑगस्टमध्ये असतो आणि सप्टेंबरमध्येही ऊब टिकते. तारखा बदलता येत असत्या तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सुचवला असता.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायची मात्र तिथे गरज नाही. मुंबई-कोकणात पाणी काही मीटर वर-खाली होतं, ओहोटीला मुरुड-हर्णैची वाळू लांबच लांब उघडी पडते. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी हा फरक काही सेंटिमीटरांचा. याचा अर्थ किनारा दिवसभर तेवढाच राहतो, आणि तो बहुधा अरुंद असतो. साडेदहाला जागा भरली की भरली. म्हणून सकाळी लवकर पोचणं हाच उपाय. पाणी खारटही जास्त असतं. तरंगायला सोपं, पण डोळे चुरचुरतात. मुलीला पोहण्याचा चष्मा घ्या.

आंतीब या सगळ्या कसोट्यांवर उतरतं. नीस विमानतळावर उतरलात की ट्रामने एक-दोन थांब्यांवर ग्रँड अरेनास. हा टप्पा फुकट आहे. तिथून जवळच छोटं रेल्वे स्थानक आहे आणि प्रादेशिक गाडी आंतीबला पंधरा-वीस मिनिटांत सोडते. सामान हातात असेल तर उतरल्यापासून तास-सव्वा तासात खोली गाठता येते. या गाड्यांना आसन आरक्षण नसतं. संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान त्या खच्चून भरतात, उभं राहावं लागतं, आणि या मार्गावर पाकीटमारीही होते. विमान निवडताना सकाळचं घ्या. बॅगा शक्यतो दोनच, पासपोर्ट अंगाबरोबर.

जुन्या गावाच्या तटबंदीला लागून ग्राव्हेत नावाचा लहानसा किनारा आहे. स्थानकापासून बंदराच्या कडेने सपाट रस्त्याने दहा-बारा मिनिटं. खरी वाळू, समोर बांध, त्यामुळे आतलं पाणी डबक्यासारखं शांत आणि बऱ्याच अंतरापर्यंत उथळ. प्रवेश फुकट. सावली मात्र नाही, छत्री आपली न्यावी लागते, सुपरमार्केटमध्ये मिळते. जागा लहान असल्यामुळे साडेआठ-नऊला पोचा. थोडं पुढे सालीसचा किनारा, तो मोठा आणि मोकळा. ज्युआं-ले-पांला स्थानकापासून किनारा पाच-सात मिनिटांवर, वाळू बारीक, तोंड दक्षिणेला, त्यामुळे उत्तर-पश्चिमेचा वारा फारसा लागत नाही. तिथे किनाऱ्याचा बराच भाग खासगी रेस्टॉरंटांकडे असतो, मधेमधे सार्वजनिक पट्टे. आई-बाबांसाठी एखाद्या दिवशी खासगी आरामखुर्च्या घ्यायला हरकत नाही. एका खुर्चीला साधारण २५ ते ४० युरो लागतात, पुढची रांग महाग. त्यात छत्री, शौचालय आणि गोड्या पाण्याचा शॉवर हाताशी येतो, आणि वाळूत खाली बसून उठायचा त्रास वाचतो. तीन दिवसांतल्या एका दिवशी हा खर्च नक्की करा.

खोली निवडताना फोटो शेवटी बघा. आधी लिफ्ट आहे का, मग एसी आहे का, मग किनाऱ्यापर्यंतचा रस्ता सपाट आहे का. ६०० ते ८०० मीटर सपाट अंतर चालतं. ३०० मीटर चढाचं चालत नाही. या किनाऱ्यावरच्या जुन्या इमारतींत तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, ही नेहमीची गोष्ट आहे. रस्त्याचे फोटो नकाशात उघडून दारापर्यंत चालत जा, पायऱ्या दिसतील. जुन्या गावाच्या आत टॅक्सी येत नाही आणि दगडी फरशीवरून चाकाची बॅग ओढणं त्रासाचं होतं, म्हणून स्थानक आणि तटबंदी यांच्या मधला भाग बरा. ज्युआं-ले-पांत मोठ्या पाइन झाडांच्या बागेभोवती रात्री उशिरापर्यंत बार चालू असतात. तिथून दोन-तीन गल्ल्या मागे घ्या. स्वयंपाकघर असलेलं छोटं अपार्टमेंट पाच जणांना हॉटेलपेक्षा स्वस्त आणि सोयीचं पडतं. सकाळचा चहा आई स्वतः करू शकते, हे तिच्या दृष्टीने किती मोठं आहे ते तुम्हाला माहीतच आहे. खोलीचा ताबा दुपारी तीन-चारला मिळतो आणि दहा-अकराला सोडावी लागते. सामान ठेवू देतील का, हे आरक्षणाच्या आधी विचारा.

दिवसाची आखणी उन्हाभोवती करा. जूनच्या शेवटी तिथे सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो. सकाळी साडेआठ ते अकरा किनारा, बारा ते पाच घरात जेवण आणि झोप, साडेपाच ते साडेआठ पुन्हा किनारा. हवा कोरडी असल्यामुळे घाम जाणवत नाही आणि आपण उन्हात आहोत हेच विसरायला होतं. अतिनील किरणांचा निर्देशांक दुपारी ८-९ पर्यंत जातो. सावळ्या त्वचेलाही ५० क्रमांकाचं सनस्क्रीन लावा, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. आईंना पोहण्याचा पोशाख नको असेल तर पूर्ण बाह्यांचा लायक्रा टॉप आणि त्याच कापडाची लेगिंग. सुती सलवार भिजली की जड होते आणि पाण्यात पायात अडकते. ओल्या कपड्यांवर किंवा उघड्या अंगाने गावात फिरू नका, या किनाऱ्यावरच्या काही गावांत त्याला दंड आहे.

खाण्याची काळजी वाटते तितकी नाही, फक्त मासा कुठे लपतो ते माहीत हवं. आंतीबच्या जुन्या बाजारात, छप्पर असलेल्या मंडईत, उन्हाळ्यात रोज सकाळी भाज्या, फळं, ऑलिव्ह आणि चीज मिळतं, आणि सोक्काही. चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, एवढंच. मोठ्या तांब्याच्या परातीत पातळ ओतून कडक तापलेल्या भट्टीत भाजतात, कडा काळपट होतात, वर मिरपूड. आपल्या बेसनाच्या पोळ्याचा हा भाऊच, आणि आई-बाबांना पहिल्या घासात आवडेल. गरम असतानाच खायचा, गार झाला की चिवट होतो. चण्याच्या पिठाचेच तळलेले पानिसही तिथे मिळतात. पिसालादिएर हा पिझ्झासारखा पाव कांद्याचा असतो खरा, पण त्यावर अँचोव्ही मासा असतो. सलाद निस्वाझ आणि पां-बान्या या सँडविचमध्ये ट्यूना किंवा अँचोव्ही. भरलेल्या भाज्या, म्हणजे फार्सी, बहुधा मांस घालून केलेल्या. ऑर्डर देताना ‘मांस नाही’ एवढंच म्हटलं तर मासा येतो. दोन्ही नावं घेऊन नको म्हणा. रेस्टॉरंटची स्वयंपाकघरं दोनच्या सुमारास बंद होतात आणि सात-साडेसातला उघडतात. मुलीचं संध्याकाळचं खाणं घरी करून घ्या.

चेफालू निवडलंत तर पालेर्मो विमानतळावरून रेल्वेने पालेर्मोचं मुख्य स्थानक आणि तिथून चेफालू. गाड्यांची गाठ चांगली पडली तर दोन तास, नाही तर अडीच. बदल्यात मिळतं ते मोठं आहे: मध्ययुगीन गावाला चिकटून असलेली लांब वाळू, हळूहळू खोल होणारं पाणी, आणि दोन गल्ल्यांवर ११३१ साली रॉजर दुसऱ्याने सुरू केलेलं नॉर्मन कॅथेड्रल, आत सोनेरी मोझेक, २०१५पासून जागतिक वारशात. वरचा ला रोक्का डोंगर आई-बाबांसाठी नाही. शाकाहाराला सिसिली फ्रान्सहून सोपी: वांग्याचा पास्ता आला नॉर्मा, कापोनाता म्हणजे वांग्याची आंबटगोड भाजी, चण्याच्या पिठाचे पानेल्ले. जपायचं दोन गोष्टींना. किनाऱ्याचं तोंड पश्चिम-वायव्येला आहे, वायव्येचा वारा सुटला की लाटा थेट काठावर येतात. आणि आफ्रिकेकडून सिरोक्को हा गरम वारा आला तर पारा ४० च्या आसपास जातो. एसी नसलेली खोली अशा वेळी राहण्याजोगी उरत नाही.

सिट्जेसला बार्सिलोनाहून लोकल गाडीने ३५-४० मिनिटं, बांधांनी विभागलेले वाळूचे किनारे, सपाट सुंदर फिरण्याचा रस्ता. पण २३ जूनची रात्र म्हणजे सांत जोआन. साऱ्या कातालान किनाऱ्यावर पहाटेपर्यंत फटाके आणि शेकोट्या, २४ला सुट्टी. आलिकांतेला तर २० ते २४ जून मोठा उत्सव असतो, भर दुपारी दारूकाम. शेवटचा आठवडा म्हणताना तुमचा मुक्काम या तारखांना शिवत असेल तर स्पेन सोडा. २६नंतर असेल तर हरकत नाही.

विमानच नको असेल तर म्युनिकहून ब्रेनरमार्गे व्हेनिसच्या बाजूला थेट गाड्या आहेत, सहा-सात तास. तिथून गाडी बदलून चेर्विन्यानो स्थानक, आणि त्या स्थानकातून ग्रादो या किनाऱ्यावरच्या गावाला बस आहे. पाणी इतकं उथळ की मुलगी दूरवर जाऊनही कमरेएवढ्यातच राहील. पोहणाऱ्याला कंटाळा येईल, पण तुमच्यात तसं कोणी नसेल तर हा पर्याय उत्तम.

समुद्रातल्या त्रासांपैकी दोनच सांगण्यासारखे. पश्चिम भूमध्यात जांभळट रंगाची छोटी जेलीफिश वाऱ्यासोबत काठाला येते. डंख झाला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, एटीएम कार्डाच्या कडेने धागे काढा. गोडं पाणी लावू नका आणि टॉवेलने चोळूही नका, त्याने त्वचेवरच्या न फुटलेल्या डंखपेशी फुटतात. दुसरं, खडकाजवळ काळे काटेरी समुद्री अर्चिन असतात. वाळू संपून खडक सुरू झाला की पाण्यातले बूट हवेतच. झेंडा लाल असेल तर पाण्यात नाही, पिवळा असेल तर मुलीचा हात सोडायचा नाही. भरती-ओहोटी नसली तरी लाटा असतील तेव्हा ओढ असते.

कागदपत्रं: आई-बाबांचा शेंगेन व्हिसा जर्मनीचा असेल आणि जास्त दिवस जर्मनीतच जाणार असतील, तर चार रात्री फ्रान्स, इटली किंवा स्पेनमध्ये राहायला वेगळं काही लागत नाही. क्रोएशियाही १ जानेवारी २०२३पासून शेंगेनमध्ये आहे. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर मात्र तुर्कस्तानला पाऊल टाकू नका. बाहेर पडलात की तो संपला, परत म्युनिकला येता येणार नाही. शेंगेनच्या आतल्या विमानालाही सगळ्यांचे मूळ पासपोर्ट बरोबर घ्या, तुमची आणि मुलीची निवास कार्डंसुद्धा. परतताना जर्मन हद्दीवर तपासणी होऊ शकते. आई-बाबांचा प्रवास विमा साऱ्या शेंगेन देशांना लागू आहे ना, ते पॉलिसीवर वाचून घ्या. त्याची एक प्रत आणि रोजची औषधं हातातल्या बॅगेत असू द्या.

खोली मार्चच्या आत, रद्द करता येईल अशी धरा. बायर्नच्या, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथल्या, शाळांची मोठी सुट्टी ऑगस्टभोवती असते आणि फ्रान्सच्या शाळा जुलैच्या सुरुवातीला सुटतात, त्यामुळे जूनअखेर भाव अजून आवाक्यात असतो. मुक्काम जुलैत सरकू देऊ नका.